व्यसनी पोराला तुरुंग कीं दवाखाना?

तुळजापूर हें सार्‍या महाराष्ट्राचें माहेर. नवरात्रांत कोसाकोसांवरून पायीं चालत येणारा कुणबी, धनगर, कोष्टी, सुतार तेथें आई भवानीच्या दारीं आपलें गार्‍हाणें मांडतो. त्याच तुळजापूर तालुक्यांत २०२५ च्या फेब्रुवारी महिन्यांत तामलवाडी पोलिसांनीं एम. डी. नांवाच्या विषाच्या पुड्या पकडल्या. माल मुंबईहून येत होता असें तपासांत पुढें आलें. आरोपींची संख्या वाढत वाढत तिसांच्या वर गेली, आणि त्यांत कांहीं पुजार्‍यांचींही नांवें आलीं. खटल्याचा न्याय कोर्ट करील. आरोप ठेवला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असें आम्ही मानीत नाहीं, आणि कोणा एकाचें नांव घेऊन त्याच्यावर चिखल उडविण्याचा आमचा इरादाही नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. ज्यानें विष विकलें त्याचें काय करावें, हें सांगायला कोणी पंडित नको. पण ज्यानें तें विष विकत घेऊन आपल्याच देहांत घातलें, त्या पोराचें काय करावें? त्याला तुरुंगांत धाडावें कीं दवाखान्यांत?

हा प्रश्न शहरच्या बड्या लोकांचा आहे, आपल्याला त्याशीं काय करायचें, असें कोणी शेतकरी म्हणेल तर त्यानें जरा थांबावें. एम. डी. म्हणजे मेफेड्रोन. हें गांजासारखें शेतांत पिकत नाहीं, ताडीसारखें झाडावरून उतरत नाहीं. तें रसायनांच्या कारखान्यांत तयार होतें. आणि ते कारखाने सातासमुद्रापलीकडे नाहींत. २०२३ सालीं सोलापूरजवळ चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत असा कारखाना पोलिसांनीं धरला. २०२४ च्या फेब्रुवारींत पुणें पोलिसांनीं दौंड तालुक्यांतील कुरकुंभ येथें शेंकडों किलो माल पकडला. ज्या वाटेनें आपलें सोयाबीन नि कांदा सोलापूर-पुण्याच्या बाजारीं जातो, त्याच वाटेनें ही पुडी उलट पावलीं आपल्या गांवांत येते. आधीं ती फुकट मिळते, मग उधार मिळते, आणि शेवटीं ती घरांतली शेळी, आईची पोत व बापाचें सातबारावरील नांव गिळून बसते.

या पुडीचा गुण असा, कीं ती घेणार्‍याला रात्ररात्र झोंप येत नाहीं, अन्न नकोसें होतें, छाती धडधडते, आणि जग आपल्या जिवावर उठलें आहे असा संशय मनांत शिरतो. ती उतरली कीं मन इतकें खचतें, कीं जगणें नको वाटतें. म्हणून तो पुन्हा पुडीच्या मागें धांवतो. यांत हौस पहिल्या चार दिवसांची. पुढें हौस सरते आणि रोग उरतो. ज्याला हिंवताप आला त्याला आपण चाबकानें मारीत नाहीं. मग ज्याच्या मेंदूला हा ताप चढला, त्याला नुसत्या दंडुक्यानें बरें करूं पाहणें शहाणपणाचें कसें?

वाचक हो, येथें एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या देशाचा कायदा या बाबतींत सगळाच आंधळा नाहीं. १९८५ सालीं अंमली पदार्थांचा जो मोठा कायदा झाला व ज्याला कोर्टांत एन. डी. पी. एस. म्हणतात, त्याच्या एका हातांत दंडुका आहे आणि दुसर्‍या हातांत औषधाची बाटली आहे. दंडुका सर्वांना दिसतो. बाटली कोणी दाखवीत नाहीं.

दंडुका असा. कलम २७ प्रमाणें नुसतें सेवन करणें हाही गुन्हा आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतर पदार्थांच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माल जवळ बाळगला तर शिक्षा वजनावर ठरते. मेफेड्रोनचें दोन ग्रॅमपर्यंतचें वजन थोडें समजलें जातें. पन्नास ग्रॅम झालें कीं तें व्यापारी वजन, आणि त्याला दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी. या दोहोंच्या मध्यें जो सांपडेल त्याला दहा वर्षांपर्यंत.

आतां बाटली पाहा. त्याच कायद्यांत कलम ६४-अ आहे. तें म्हणतें, कीं ज्या व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा थोड्या वजनाचा आरोप आहे, तो जर आपण होऊन सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यांत व्यसन सोडविण्याचा उपचार घेईल, तर त्या गुन्ह्यासाठीं त्याच्यावर खटला चालणार नाहीं. उपचार अर्धवट टाकून पळाला, तर ही सूट काढून घेतां येते. दुसरें कलम ३९. खटला चालून गुन्हा शाबीत झाला, तरीही न्यायाधीश त्या माणसाचें वय, वर्तन व प्रकृति पाहून, त्याच्या संमतीनें, लगेच तुरुंगांत न धाडतां जामीनकतब्यावर उपचारासाठीं सोडूं शकतो. एक वर्षाच्या आंत उपचाराचा अहवाल कोर्टापुढें आला पाहिजे. तिसरें कलम ७१. व्यसनी लोकांच्या उपचारासाठीं केंद्रें काढण्याचा अधिकार तें सरकारला देतें. म्हणजे दवाखान्याचा दरवाजा कायद्यानेंच बांधून ठेवला आहे. मग आमचीं पोरें त्या दरवाज्यांतून कां जात नाहींत?

पहिलें कारण हें, कीं त्यांना कोणी सांगत नाहीं. समजा, एखाद्या लोहाराचा वीस वर्षांचा मुलगा एका पुडीसह धरला गेला. बापाच्या हातीं भात्याची दोरी, आई दुसर्‍याच्या रानांत खुरपायला. ठाण्यावर जायचें कसें, बोलायचें काय, हें दोघांनाही ठाऊक नाहीं. ‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण त्यांनीं ऐकलेली. तेवढ्यांत कोणी कोट-टायवाला भेटतो आणि म्हणतो, ‘कशाला लांबण लावतां? गुन्हा कबूल करा, दंड भरा, संध्याकाळीं पोरगें घरीं.’ बाप सावकाराकडून दंडाचे पैसे काढतो. पोरगें घरीं येतें खरें. पण त्याचा रोग त्याच्याबरोबर घरीं येतो, आणि शिवाय गुन्हेगार म्हणून कागदावर नांव चढतें. पुढें पोलिस भरतीला, सैन्याला, कारखान्याच्या कामाला चारित्र्याचा दाखला मागितला जातो, तेव्हां ती एका संध्याकाळची सुटका जन्माची बेडी होऊन बसते. ६४-अ चें नांव त्या सार्‍या धांवपळींत एकदांही कोणाच्या तोंडून निघत नाहीं.

ही आमची नुसती कल्पना नव्हे. विधि सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेनें मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतील २०१७ व २०१८ सालच्या अशा खटल्यांचा अभ्यास केला. धरलेले बहुतेक लोक नुसते सेवन करणारे निघाले. बहुतेक खटले गांजाचे निघाले. माणसें रोजंदारीचीं व झोपडपट्टींतलीं निघालीं. आणि जवळजवळ सर्वांनीं गुन्हा कबूल करून टाकला होता. बडा व्यापारी या जाळ्यांतून निसटतो आणि लहान मासा अडकतो. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ म्हणतात तें हेंच.

दुसरें कारण वजनाच्या हिशोबांत आहे. बाजारांत मिळणारी पुडी शुद्ध नसते. विकणारा तिच्यांत काय काय मिसळतो तें त्याचें त्याला ठाऊक. हीरा सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत २०२० सालीं सुप्रीम कोर्टानें ठरविलें, कीं वजन करतांना भेसळीसकट सारा माल धरावा. या निकालाचा मान आम्ही राखतों. पण त्याचा परिणाम काय होतो पाहा. ज्याच्या पुडींत औषध चिमूटभर नि भेसळ मूठभर, तो दोन ग्रॅमची रेघ ओलांडतो, आणि ओलांडतांच ६४-अ चें दार त्याच्या तोंडावर बंद होतें. तसेंच, पुष्कळ व्यसनी पोरें स्वतःच्या पुडीसाठीं दोघाचौघांना पुड्या देऊं लागतात. कायद्याच्या दृष्टीनें तीं विक्रेते झालीं. त्यांचा अपराध आम्ही पदराखालीं झांकीत नाहीं. पण गाडीभर माल पाठविणारा आणि स्वतः बुडतां बुडतां दुसर्‍याचा हात ओढणारा, यांत फरक करण्याची मोकळीक न्यायाधीशाला पाहिजे.

तिसरें कारण सर्वांत मोठें. दार उघडलें तरी आंत खाट कोठें आहे? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें दिल्लीच्या एम्सकडून सार्‍या देशाची पाहणी करविली. तिचा अहवाल २०१९ सालीं निघाला. दारूच्या विळख्यांत पक्के सांपडलेल्या अडतीस माणसांत अवघ्या एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. दवाखान्यांत राहून उपचार मिळाला तो एकशें ऐंशींत एकाला. बेकायदेशीर पदार्थांच्या विळख्यांत असलेल्यांपैकीं दवाखान्यांत राहून उपचार मिळालेला वीसांत एक. हा देशाचा सरासरी हिशोब. त्यांत परांडा, भूम, वाशी, कळंब, लोहारा, उमरगा यांच्या वाड्यावस्त्यांना काय वांटणी आली असेल, हें ज्यानें तापाच्या गोळीसाठीं एस. टी. ची वाट पाहिली आहे त्याला सांगायला नको.

उलट गोष्टही पाहा. २०२३ च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या ससून रुग्णालयांतून एम. डी. च्या मोठ्या खटल्यांतील एक आरोपी पळून गेला. तो आजारी म्हणून कित्येक महिने तेथेंच मुक्काम करून होता. ज्याच्यावर विष बनविण्याचा व विकण्याचा आरोप, त्याला सरकारी दवाखान्यांत खाट मिळते. आणि ज्याच्या अंगांत तें विष भिनलें, त्याला मात्र खाट नाहीं म्हणून परत फिरावें लागतें! दवाखान्याचा दरवाजा पैशाकडे पाहून उघडणार असेल, तर कायद्याच्या पुस्तकांत कितीही कलमें असलीं तरी रयतेला त्यांचा काय उपयोग?

येथें दुसर्‍या एका कायद्याची आठवण करून देणें अवश्य आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारू व अंमली पदार्थांच्या व्यसनानें जडलेल्या मनोविकारांना आजार मानलें आहे. त्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणें सरकारी दवाखान्यांत उपचार मिळणें हा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तो फुकट मिळाला पाहिजे, मग त्याच्याजवळ पिवळें कार्ड असो वा नसो. जिल्ह्यांत सरकारनें ठरविलेली किमान सोय नसेल, तर जिल्ह्यांतील दुसर्‍या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारनें सोसावयाचा आहे. धाराशिवांत आतां सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालें आहे. तेव्हां जिल्ह्याला डॉक्टर ठाऊक नाहींत असें म्हणण्याचे दिवस गेले. कमी आहे ती इच्छेची आणि मागणी करणार्‍या आवाजाची.

तुरुंगांतल्या व्यसनी माणसाची तर कोणी गणतीच करीत नाहीं. दररोज पिणारा दारुडा एकाएकीं कोठडींत गेला, कीं दोन-तीन दिवसांत त्याला झटके येऊं शकतात, वात होऊं शकतो, आणि वेळेवर औषध न मिळालें तर जीवही जाऊं शकतो. तो ‘नाटक करतो’ असें म्हणून दुर्लक्ष करणें म्हणजे शिक्षेच्या आधींच शिक्षा देणें होय. हेरॉइन-अफूच्या व्यसनावर बुप्रेनॉर्फिन, मेथाडोन यांसारखीं औषधें आहेत. एम. डी. ला असें बदली औषध नाहीं. तेथें झोंपेची व मनाची काळजी, धीर देणारा समुपदेशक, आणि महिनोन्‌महिने देखरेख हाच उपचार. यांतील एकही गोष्ट चार भिंती आणि कुलूप यांनीं होत नाहीं.

आतां यावर आक्षेप येतील, त्यांचाही विचार करूं. पहिला आक्षेप असा, कीं नरम झालांत तर पोरें सोकावतील. पोर्तुगाल देशानें २००१ सालापासून स्वतःपुरत्या, म्हणजे सुमारें दहा दिवसांच्या वापरापुरत्या, पदार्थासाठीं फौजदारी खटला बंद केला. धरलेला माणूस एका छोट्या पंचमंडळापुढें जातो; त्यांत कायद्याचें, आरोग्याचें व समाजकार्याचें ज्ञान असलेले लोक बसतात आणि त्याला उपचाराकडे वळवितात. विकणार्‍याला मात्र पूर्वीसारखाच तुरुंग. तेथें सुईवाटे पसरणारा एड्‌सचा रोग पुष्कळ ओसरला. दुसरीकडे अमेरिकेंतील ऑरेगॉन राज्यानें २०२१ सालीं असेंच पाऊल टाकलें. पण उपचाराची सोय उभी राहायला फार वेळ लागला, रस्त्यावरचा गोंधळ वाढला, लोक संतापले, आणि २०२४ च्या सप्टेंबरापासून बाळगणें पुन्हा गुन्हा झाला. या दोन गोष्टींचा धडा एकच: तुरुंगाचें दार बंद करायचें तर दवाखान्याचें दार आधीं उघडलें पाहिजे. नुसती शिक्षा हटवून भागत नाहीं, आणि नुसती शिक्षा वाढवून तर मुळींच भागत नाहीं. महाराष्ट्रांत गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेच्या फाटकाबाहेर पोरांच्या खिशांत काय निघतें, हें आम्हां शिक्षकांना विचारा!

दुसरा आक्षेप, कीं विकणारेही आम्ही व्यसनी आहों म्हणून सुटतील. हा आक्षेप खोटा नाहीं. पण सूट थोड्या वजनापुरतीच आहे, दवाखाना सरकारमान्य पाहिजे, उपचार पुरा झाला पाहिजे, आणि तो टाकला तर खटला पुन्हा उभा राहतो. एवढीं कुलुपें असतांना चोर निसटेल या भीतीनें आजारी माणसाला बाहेर ठेवणें म्हणजे उंदरांच्या भयानें कणगीच न भरणें होय.

सरकारलाही ही गोष्ट अगदीं नवी नाहीं. २०२१ च्या ऑक्टोबरांत केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानेंच शिफारस केली होती, कीं स्वतःपुरत्या थोड्या मालासाठीं व्यसनी माणसाला तुरुंगांत न टाकतां उपचारास धाडावें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कायदा दुरुस्त झालाही; पण तो मसुद्यांतील एक चूक सुधारण्यापुरता. रोग्याचा प्रश्न जेथल्या तेथें राहिला.

व्यसनाविरुद्ध बोलणें ही आपल्या लोकांची जुनी शिकवण आहे. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं त्यांनीं दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. निजामाच्या राज्यांत आपल्या या जिल्ह्यानें अबकारीच्या उत्पन्नावर तिजोरी भरतांना पाहिली. जो राजा पिणार्‍याकडून पैसा घेतो, त्यानें पिणार्‍याच्या औषधाचाही विचार केला पाहिजे, हा साधा न्याय तेव्हांही होता आणि आजही आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, थोड्या मालासह किंवा सेवनासाठीं धरलेल्या प्रत्येक माणसाला पोलिस ठाण्यांतच कलम ६४-अ व ३९ ची माहिती छापील मराठींत द्यावी व त्याची सही घ्यावी. दुसरी, गुन्हा कबूल करून घेण्यापूर्वीं मॅजिस्ट्रेटनें त्याला स्वतःच्या तोंडानें विचारावें, ‘तुला उपचार हवा आहे काय?’ तिसरी, अशा प्रत्येक खटल्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानें पहिल्याच दिवशीं फुकट वकील उभा करावा. व्यसनपीडितांसाठीं राष्ट्रीय प्राधिकरणाची २०१५ ची योजना त्यासाठींच आहे. चौथी, जिल्ह्यांतील व शेजारच्या सोलापूर-लातूरकडील मान्य दवाखान्यांची यादी, खाटांच्या संख्येसह, प्रत्येक कोर्टांत, ठाण्यांत व ग्रामपंचायतींत लावावी. पांचवी, धाराशिवच्या तुरुंगांत आलेल्या प्रत्येक कैद्याची व्यसनाबाबत डॉक्टरकडून तपासणी व्हावी. आणि सहावी, कलम २७ मधील कैद लोकसभेनें काढून टाकावी व तिच्या जागीं उपचार ठेवावा. विकणार्‍यांच्या शिक्षेंत मात्र एका दिवसाचीही सूट नको.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, सरकारला सांगून झालें. आतां घरच्यांना सांगावयाचें तें. पोरगें या नादाला लागलें असें दिसलें तर तें लपवूं नका, आणि त्याला खांबाला बांधून मारूं नका. १४४४६ या सरकारी दूरध्वनीवर व्यसनमुक्तीचा सल्ला फुकट मिळतो. १५१०० वर कायद्याची मदत मिळते. धरपकडीची वाट पाहूं नका. खटल्याआधीं दवाखाना गांठलेला केव्हांही बरा. खासगी केंद्रांत पोर ठेवण्यापूर्वीं त्याची सरकारी नोंदणी आहे कीं नाहीं तें पाहा. जेथें साखळीनें बांधतात तेथून त्याला त्याच दिवशीं परत आणा. साखळीनें बांधणें कायद्यानें मना आहे. पुण्याचें मुक्तांगण १९८६ सालीं डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनीं काढलें, तेथें माणसाला माणूस म्हणून वागविल्यानेंच हजारों घरें पुन्हा उभीं राहिलीं. बरा झालेला पुन्हा एकदां घसरला, तर ‘हा सुधारायचाच नाहीं’ म्हणून हात झटकूं नका. मधुमेहाची साखर पुन्हा चढली म्हणून आपण बापाला घराबाहेर काढीत नाहीं.

आणि येत्या ग्रामसभेंत कोणी तरी उठून एवढें विचारा: आमच्या गांवचें पोर उद्यां धरलें गेलें, तर त्याला उपचारासाठीं कोठें न्यावयाचें, तें ठिकाण सांगा. उत्तर मिळालें तर तें फळ्यावर लिहून ठेवा. उत्तर नाहीं मिळालें तर तसा ठराव करून जिल्हाधिकार्‍यांकडे व जिल्हा न्यायाधीशांकडे धाडा. एका गांवचा ठराव फायलींत पडून राहील. शंभर गांवांचे ठराव फायलींत मावणार नाहींत.